आडवे पालटा

६ ऑक्टोबर २०२२, गुरुवार. करडी.

दैनंदिनी लिहिण्याचा अधिकार ज्यांच्या आयुष्यात काही घडते त्यांनाच असतो, अशी माझी समजूत आहे. माझ्या आयुष्यात आजवर केवळ परीक्षा घडल्या आणि त्यांची नोंद गुणपत्रिकांनी घेतलेलीच आहे. तरीही ही वही उघडून मी लिहिण्याचे धारिष्ट्य करीत आहे, याबद्दल क्षमा असावी. क्षमा नेमकी कोणाची मागते आहे, हे मलाही सांगता येणार नाही. काल दीक्षाभूमीवर पाच पुस्तकांवर ही वही मिळाली, आणि कोरी वही तशीच ठेवणे मला क्षमा मागण्याहून अवघड वाटते, इतकेच.

लिहिण्यास कारणही आहे. पुण्यातील एक संस्था ग्रामीण भागातील मुलींना वर्षभर वसतिगृहात ठेवून वेबपाने तयार करण्याचे शिक्षण देणार आहे. याआधी मी नागपूरला दोन ठिकाणी मुलाखती दिल्या. 'स्वतःविषयी सांगा' असे दोन्ही ठिकाणी म्हटले गेले. पहिल्या ठिकाणी मी गप्प राहिले. दुसऱ्या ठिकाणी 'धन्यवाद' म्हणून उठून आले. या संस्थेत मुलाखत नाही. स्वतः केलेले एक पान पाठवायचे आणि ते प्रत्यक्ष वापरणाऱ्या पंचवीस व्यक्तींची यादी जोडायची. यादीत 'अर्जदाराशी नाते' असा रकाना आहे आणि नातेवाईक चालणार नाहीत. मुदत १० नोव्हेंबर, सायंकाळी पाच. बोलता न येणाऱ्या मुलीसाठी उघडे असलेले हे एकच दार मला ठाऊक आहे.

पान कशाचे करायचे, ते सोमवारी मोहाडीच्या ऑनलाइन फॉर्म केंद्रात ठरले. माझी गुणपत्रिका टेबलावर ठेवून तिचे छायाचित्र काढले. फोन कागदावर सपाट धरला की त्याला वर कोणते आणि खाली कोणते हे कळत नाही, त्यामुळे गुणपत्रिका कुशीवर पडलेली आली. केंद्रचालकांनी मान वाकडी केली, मग मी केली, मग माझ्या मागच्या रांगेनेही केली. छायाचित्र वळवण्याची सोय इंटरनेटवर आहे. परंतु तिची बटणे इंग्रजीत आणि भोवती जाहिरातींची जत्रा. चालकांनी 'वळवा' समजून जाहिरात दाबली आणि पडद्यावर चपला विकायला आल्या.

मी मराठी बटणांचे पान करणार आहे.

९ ऑक्टोबर, रविवार

वळले. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या गायीचे छायाचित्र उजवीकडे नव्वद अंशांत वळले. प्रथम तिची शिंगे आणि शेपूट कापली गेली, कारण मी चित्र वळवले पण चौकट वळवण्यास विसरले. चौकटीची लांबी-रुंदी आपसांत बदलल्यावर गाय सबंध आली. मी तिला चार वेळा वळवले आणि ती जिथून निघाली तिथे परत आली. पुन्हा चार वेळा. मग आरशातल्यासारखी दोनदा पालटली, पुन्हा पूर्ववत.

त्यानंतर जे आढळले त्याने मला एकटीलाच हसू फुटले. आधी वळवून मग पालटलेली गाय आणि आधी पालटून मग वळवलेली गाय या दोन भिन्न गायी आहेत. शिवाय कितीही बटणे कितीही वेळा दाबा, गायीच्या अवस्था एकूण आठच होतात; नववी होत नाही. हे वहीत आकृत्या काढून सिद्ध केले. आईने (ती धान कापायला निघाली होती) आकृत्या पाहिल्या आणि बाबांना म्हणाली, "पोरगी गाय उलटी लटकवून हासून राहिली. पाहा जरा."

चार बटणे: डावीकडे वळवा. उजवीकडे वळवा. आडवे पालटा. उभे पालटा. खाली सूचना: 'आपले छायाचित्र आपल्याच फोनमध्ये राहते, ते कोठेही पाठवले जात नाही.' हे वाक्य मला स्वतःलाही फार दिलासा देते.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

पान केंद्रात न्यायचे होते. काय बोलायचे, ते एसटीत सात वेळा मनात म्हटले. केंद्रात पोचल्यावर आठव्यांदा म्हणता आले नाही. तेव्हा पानाचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून ती काउंटरवर ठेवली आणि भिंतीवरील दाखल्यांची यादी वाचत उभी राहिले.

केंद्रचालकांचे नाव अश्वजित. त्यांनी चिठ्ठी दोन्ही बाजूंनी पाहिली, पान उघडले आणि एका आजोबांचा सातबारा एका दाबात उभा केला. मग कारण नसताना पुन्हा आडवा केला, पुन्हा उभा केला. आजोबा म्हणाले, "पुरे ना बापू, वावर पलटी होईन."

मी यादीबद्दलही बोलू शकले नाही. तेही चिठ्ठीवर लिहिले. त्यांनी त्याच क्षणी एक वही काढून काउंटरला दोरीने बांधली. पान वापरणाऱ्याने तिच्यात नाव, गाव आणि फोन लिहायचा. मला धन्यवाद म्हणायचे होते. मी मान हलवली; ती कोणत्या दिशेने हलली ते आठवत नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार

अडचण माझ्या अपेक्षेच्या दिशेने आलेली नाही. माणसे पान वापरतात, परंतु ती सर्व माझी नातेवाईक निघतात.

बाबा (भैय्यालाल हे त्यांचे नाव, पण पंचक्रोशीत त्यांना डाकबाबू म्हणतात) बावीस वर्षे टपाल वाटत आहेत आणि कोणत्या घरी कोणाची लग्नपत्रिका गेली हे त्यांना तोंडपाठ आहे. केंद्राच्या वहीतून उतरवून आणलेली सहा नावे मी त्यांना वाचून दाखवली. पहिला खुशाल. बाबा म्हणाले, "हा तं तुह्या आईच्या मावसबहिणीचा दीर." दुसरे टिकाराम, ते आत्याच्या साडूचे भाऊ. माझ्या आत्याला साडू कसा असेल, असे मी विचारले, तर फुफाजींचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा साडू, असा खुलासा झाला. सहापैकी चार गेले.

आईने त्यांना जरा कमी आठवण्यास सांगितले. बाबा म्हणाले की सरकारी नोकरीत असताना खोटे सांगता येत नाही.

एकूण दोन.

१९ ऑक्टोबर, बुधवार

अश्वजित यांच्याविषयी एक निरीक्षण नोंदवते. ते केंद्र तीन वर्षे चालवीत असूनही त्यांना फोन सरळ धरता येत नाही. रोज सकाळी त्यांचा संदेश येतो, 'मॅडम, हा फोटो पुन्हा उलटा येऊन राहिला', आणि सोबत छायाचित्र. सोमवारी मोहाडीच्या बाजारातील सीताफळे डोक्यावर उभी होती. काल एक बगळा आकाशात पाय रोवून होता. आज त्यांचा स्वतःचा चहाचा पेला छताला चिकटलेला होता, परंतु आतला चहा सांडत नव्हता.

मी प्रत्येक वेळी कोणते बटण किती वेळा दाबावे ते सविस्तर कळवते. पेला उलटा येण्यामागे फोनमधील दिशादर्शक भाग बिघडल्याची शक्यता मी वर्तवली. त्यांनी लिहिले, 'हो, भाग बिघडला आहे.' दुरुस्त करून घ्या, असे सुचवले. 'घाई नाही', असे उत्तर आले.

त्यांच्या सूचनेवरून पानावर 'पूर्ववत करा' हे पाचवे बटण घातले. माणूस फोन वाकडा धरतो, पण सूचना सरळ करतो.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज करडीची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. घरोघर पाहुणे, चौकात दंडारीचे लोकनाट्य, पाळणे, जिलेबी. मी मोठ्या आशेने वही घेऊन बसले होते, कारण इतकी बाहेरगावची माणसे वर्षातून एकदाच येतात. मंडईला जो येतो तो कोणाचा तरी पाहुणा म्हणूनच येतो, हे माझ्यासारख्या गुणवत्ता यादीतील मुलीला दुपारी तीन वाजता उमगले.

तरी पान खूप चालले. मुलांनी सरपंचांना उलटे केले. दंडारीतील नाच्याला आडवे पालटले, तर एका आजींनी त्याला जास्त देखणा ठरवले. अश्वजित हेही आले होते; करडीत त्यांचे कोणी नाही, मंडई पाहायला आलो म्हणाले. ते संध्याकाळपर्यंत आमच्या ओसरीसमोर उभे राहून लोकांना बटणे दाखवीत होते आणि दंडार त्यांच्या पाठीमागे होती.

मंडईतून नात्याबाहेरचे मिळाले तीन: पाळणेवाला, जिलेबीवाला आणि वीजमंडळाचा माणूस. केंद्रातील वहीतले धरून एकूण अकरा.

१ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी काउंटरच्या आतल्या बाजूस बसले. अश्वजित यांना भंडाऱ्यास जायचे होते; त्यांनी किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि 'तुम्ही पाहाल ना' एवढेच विचारले. नाही म्हणायलाही बोलावे लागले असते.

मोहाडीजवळच्या एका गावातील महिला बचत गटाच्या तेरा जणींची ओळखपत्रे करायची होती. त्यांच्या अध्यक्षा गोदावरीबाई. आवाज असा की तहसील कार्यालयातही ऐकू जावा. सगळ्यांनी आपापल्या फोनवर स्वतःचे छायाचित्र काढून आणले होते. पुढच्या कॅमेऱ्याने काढले की काही फोन आरशातली प्रतिमा ठेवतात, डावे उजवीकडे जाते. ते ओळखण्यासाठी मी पानावर नियमच लिहिला आहे: 'पदर उजव्या खांद्यावर दिसल्यास छायाचित्र आरशातले समजावे व आडवे पालटा हे बटण दाबावे.' नियम सोपा आणि अचूक आहे. त्यानुसार चार छायाचित्रे पालटली. तेराही ओळखपत्रे छापून प्लास्टिकबंद केली.

तेरा जणींपैकी एकही नातेवाईक नाही. गुरुवारी कार्डे नेताना त्या वहीत सह्या करतील. अकरा आणि तेरा चोवीस. एसटीत खिडकीकडे तोंड करून हसत होते. वाहकाने सुट्टे परत दिले ते मी त्यालाच परत दिले.

३ नोव्हेंबर, गुरुवार

लिहिणे भाग आहे, म्हणून लिहिते.

गोदावरीबाईंनी आपले कार्ड हातात घेतले, लांब धरले, जवळ धरले. मग मला विचारले, "हे कोण होय?"

मी नियम सांगण्याचा प्रयत्न केला. पदर, आरसा, उजवा खांदा. त्यांनी मला वाक्य संपवू दिले. मग रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी बालाघाटकडची. आमच्याकडे पदर उजव्याच खांद्यावर येते. लग्न होऊन आली तेव्हापासून माही सासू सांगून सांगून थकली, मरून गेली, पर मी पदर नाही पलटवला. अन् तू एका बोटानं पलटवला, बाई?"

रांग हसली. गोदावरीबाई हसल्या नाहीत. कार्ड काउंटरवर पालथे ठेवून त्या निघाल्या आणि बाकी बाराजणी त्यांच्या मागोमाग. वहीत एकही सही नाही.

अश्वजित सर्वांसमोर म्हणाले की चूक केंद्राची आहे आणि कार्ड बदलून मिळेल. ते खोटे होते. चूक माझी होती, आणि ती बोटाची नव्हती. मी मोहाडी तालुक्यात जन्मले. बालाघाट इथून किती दूर? बाजारात उजव्या खांद्यावर पदर घेतलेल्या बायका मी लहानपणापासून पाहत आहे. पाहिलेले सर्व विसरून मी नियम केला, कारण नियम मला माणसांहून सोपा वाटतो.

घरी येऊन पान बंद केले.

५ नोव्हेंबर, शनिवार

काही नाही. अश्वजित यांचा संदेश आला: वाळत घातलेली कापडी पिशवी, अर्थात उलटी. 'मॅडम, पान बंद आहे. मान दुखून राहिली.' मी खेद कळवला आणि मानेखाली उशी घेऊ नये, असे सुचवले.

बाबांनी आज स्वतःहून दोन नाती मागे घेतो म्हणून सांगितले. मी नको म्हटले.

७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दहाच्या सुमारास दारात दोन ऑटो थांबले आणि त्यांतून तेरा बायका उतरल्या. मी आत पुस्तकांच्या फळीमागे गेले, पण आमच्या घरात लपण्याएवढी पुस्तके अजून नाहीत.

गोदावरीबाई ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "दुकान काहून बंद केलं?"

मी क्षमा मागितली. या वेळी चिठ्ठीवर नाही, तोंडाने. पाठ केलेली नव्हती म्हणून असेल, पण आली. म्हणाले की मी तुम्हाला न विचारता तुमचा पदर ठरवला, आणि ते मला कळायला हवे होते.

"हाव, कळाले पायजे होतं," त्या म्हणाल्या. "पर मी कार्ड फेकून गेली तं तू दुकान बंद करशीन? मंग माहा पदर कोण सिद्धा करन? तो केंद्रावरचा पोरगा दोनदा घरी येऊन गेला, मान वाकडी करून बसला. खोल ते पान."

(अश्वजित यांना ग्राहकसेवेची इतकी तळमळ असेल, हे त्यांच्या फोन धरण्यावरून वाटले नसते.)

पान उघडले आणि त्यात त्यांचे मूळ, उजव्या पदराचे छायाचित्र घेतले. गोदावरीबाईंनी बटण मला दाबू दिले नाही. कोणते ते विचारले, चष्मा लावला आणि 'आडवे पालटा' स्वतः दाबले. पदर डाव्या खांद्यावर गेला. त्या पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग बाजूच्या रुखमाबाईंना म्हणाल्या, "म्हातारी असती तं आज खूश झाली असती." पुन्हा दाबले. पदर आपल्या जागी आला. "बस. पाच मिनटं पुरे तिले."

त्यानंतर जे झाले ते कागदावर आणणे माझ्या शक्तीबाहेर आहे. डाव्या पदराच्या बायकांना आपण उजव्या पदरात कशा दिसतो ते पाहायचे होते. नथ या नाकपुडीतून त्या नाकपुडीत गेली. उषाबाईंनी आपल्या मालकांना उभे पालटून सर्वांना फिरवून दाखवले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांचे पाय जमिनीवर नाहीत, असे जाहीर केले. काही जणी हसता हसता ओसरीवरून उतरून खाली बसल्या. मी हसत होते, आणि मोठ्याने हसत होते. माझा आवाज इतका मोठा आहे, हे मला ठाऊक नव्हते.

बाबांनी रुखमाबाईंकडे निरखून 'तुमचं माहेर कोणतं' एवढे विचारले मात्र, आई म्हणाली, "आता एक बी नातं काढाल तं जेवाले नाही भेटणार." बाबा डाक घेऊन बाहेर गेले.

तेराही सह्या माझ्याच वहीत झाल्या. नियमाचे वाक्य काढून त्या जागी लिहिले: 'छायाचित्र पालटण्यापूर्वी त्यातील व्यक्तीस विचारावे.'

चोवीस.

९ नोव्हेंबर, बुधवार

पंचविसावे माणूस मिळत नाही. काल केंद्रात दिवसभर जे आले ते आमचेच.

सायंकाळी आई भाकर थापता थापता म्हणाली, "अन् तो फॉर्मवाला?" मी म्हटले, ते वापरकर्ते नव्हेत, ते केंद्रचालक आहेत. आई म्हणाली की रोज सकाळी एक फोटो उलटा कोण पाठवते मग. तर्क बिनचूक होता. सर्वांत अधिक वेळा पान वापरणारी व्यक्ती माझ्या नजरेतून सुटली, याची लाज वाटली.

मी बाबांकडे पाहिले. बाबांनी डोळे मिटले. मोहाडी, आडनाव, वडिलांचे गाव, आजोळ; ओठ हलत होते. भाकर भाजून झाली तरी ते परत आले नाहीत. शेवटी डोळे उघडून म्हणाले, "काहीच नाही लागत." बावीस वर्षांत प्रथमच असे झाले असावे. मला वाटले ते निराश होतील. परंतु ते विचित्र आनंदात दिसले. शिक्षण किती, घरी कोण कोण, असे विचारू लागले. यादीत हे रकाने नाहीत, असे मी सांगितले. आई भाकरीकडे पाहून हसली.

१० नोव्हेंबर, गुरुवार

दोन वाजता केंद्रात पोचले. अर्जासाठी माझे छायाचित्र हवे होते. अश्वजित यांनी त्यांच्या फोनने काढले. आश्चर्य म्हणजे ते सरळ आले. फोन दुरुस्त झाला का, असे विचारले. त्यांनी फक्त 'हो' म्हटले आणि कान चोळला.

परंतु छायाचित्रातील मुलगी मला पटेना. भांग भलतीकडे, गालावरचा तीळ भलतीकडे. मी 'आडवे पालटा' दाबले. आता ओळखीची झाली. हीच पाठवू, असे म्हटले.

"ही नको," ते म्हणाले, आणि पुन्हा बटण दाबून मूळचे छायाचित्र आणले. "ती आरशातली आहे. ती फक्त तुम्हाले दिसते. आमच्या इथं तं रोज ही येते."

पाच आठवडे मी प्रतिमांची डावी-उजवी बाजू अभ्यासत आहे. माझा खरा चेहरा माझ्याखेरीज सर्वांना ठाऊक आहे, हे त्या अभ्यासात आले नव्हते. मी त्या मुलीकडे पुन्हा पाहिले. ती घाबरलेली दिसत होती, पण वाईट नव्हती. तिला राहू दिले.

मग यादी. चोवीस ओळी भरलेल्या होत्या. पंचवीस क्रमांकाची ओळ त्यांनी स्वतः टंकलिखित केली: नाव, गाव, फोन. 'अर्जदाराशी नाते' या रकान्यात ते थांबले. इतरत्र चोवीस वेळा 'नाही' असे होते. त्यांनी लिहिले, 'सध्या नाही'.

मी म्हटले, "'नाही' एवढेच लिहायला हवे."

ते पडद्याकडे पाहूनच म्हणाले, "मॅडम, खोटं लिहिलं तं अर्ज बाद होईन. मले जेवढं माहीत आहे तेवढं लिहिलं. तुम्हाले वेगळं माहीत असन तं खोडा."

फोन बिघडलेला नव्हता. सीताफळे, बगळा, चहाचा पेला, पिशवी. हे सर्व माझ्या मनात एकापाठोपाठ एक सरळ झाले. खोडण्याचे बटण माझ्या बोटाखाली होते. माझे कान इतके तापले होते की मागच्या रांगेलाही ते दिसले असावेत. मागे एक काकू आधार कार्ड घेऊन उभ्या होत्या आणि त्यांना मुळीच घाई नव्हती.

मी विचार केला, शांतपणे, जसा प्रश्नपत्रिकेपुढे करते. यादीतील विधान त्या त्या व्यक्तीचे असते. ते दुरुस्त करण्याचा अधिकार अर्जदारास नाही. शिवाय न विचारता कोणाचे काही पालटायचे नाही, असे मीच लिहिले आहे. शिवाय ते विधान, माझ्या माहितीप्रमाणे, अचूक होते.

'सध्या' हा शब्द तसाच ठेवला. त्यांना तसे तोंडाने सांगितले: "राहू द्या."

अर्ज पाठवला: गुरुवार, दिनांक १० नोव्हेंबर २०२२, दुपारी चार वाजून एकवीस मिनिटे.